पिंपवाला एल्काना टिलिंग याच्यामागे कोणी काय घ्यावे

मी एल्काना टिलिंग, वय एकाहत्तर, धंदा पिंपे बांधण्याचा, राहणार न्यूपोर्ट, ऱ्होड आयलंड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचेही दडपण नसताना हे लिहून ठेवतो. शपथ घेत नाही, आम्हा क्वेकर पंथाच्या लोकांत घेत नाहीत. नुसते सांगतो, ते खरे धरावे.

एक. राहते घर माझी मेहुणी डॉर्कस हिला. अकरा वर्षे ती म्हणते आहे की या घरात धूर कोंडतो. आता धुराडे तिचे, तिने बघून घ्यावे.

दोन. पुतण्या पेलेग, जहाजाचा कप्तान, याला माझे घड्याळ. तो म्हणेल, "काका, एवढंच?" हो, एवढंच. त्याच्या आणि त्याच्या बापाच्या जहाजांना पिंपे मी पुरवली. आफ्रिकेला रम नेणारी वेगळी, पाण्याची वेगळी. येताना किती माणसे भरून आणणार, हे पाण्याच्या पिंपांच्या मागणीवरून गावात सगळ्यांत आधी पिंपवाल्याला कळते. मला कळत होते. मी विचारले नाही, कारण विचारले असते तर उत्तर मिळाले असते.

तीन. इंग्लंडने लादलेल्या चहावरच्या कराविरुद्ध गावच्या पुढाऱ्यांनी केलेल्या अर्जावर माझी सही आहे. "राजा आम्हाला गुलाम करू पाहतो," असे वाक्य त्यात आहे. मला ते फार आवडले होते. सह्या होताना दौत धरून क्वाको उभा होता. माझ्याजवळची नक्कल डॉर्कसने चूल पेटवायला घ्यावी.

चार. क्वाको माझा गुलाम. पेलेगच्या बापाने पिंपांच्या मोबदल्यात दिला, त्याला एकतीस वर्षे झाली. गेली दहा वर्षे पिंपे तोच बांधतो आणि तळावर ठसा माझा डागतो. आमच्या क्वेकर सभेचे वडीलधारे त्याच्या सुटकेसाठी तीनदा माझ्याकडे येऊन, आमच्यात रीत आहे तसे, तास तास गप्प बसून गेले. शेवटी काल मी लिहिले, "माझ्या मृत्यूनंतर क्वाको मुक्त व्हावा," आणि त्याला वाचून दाखवले. तो फळी तासत होता, थांबला नाही.

"मालक, वैद्य काय म्हणाले?"

"वसंत ऋतू बघेन म्हणाले. नीट काढा घेतला तर पुढचाही."

"काढा मीच करतो."

"हो."

"म्हणजे चांगला केला तर मी आणखी वर्षभर गुलाम. छान कलम आहे. आणि तुम्ही गेल्यावर हा कागद पेलेगसाहेबांच्या हातात. जहाजही त्यांचंच."

मी ते कलम खोडले. लाज वाटली, हेही लिहून ठेवतो. आज सकाळी मुक्तीचा वेगळा कागद करून गावच्या दप्तरात नोंदवला. क्वाको आजपासून मुक्त आहे. माझ्या जगण्यामरण्याशी त्याचा काही संबंध नाही.

पाच. कारखाना आणि हत्यारे क्वाकोला ठेवणार होतो. तसे त्याला म्हणालोही. त्याने कागद दोनदा वाचला, घडी करून सदऱ्यात ठेवला आणि कमरेला बांधलेले कामाचे कातडे सोडून खुंटीला अडकवले.

"कुठे निघालास? सात पिंपं अर्धवट आहेत."

"तुमची आहेत."

मी थांब म्हणालो. दोनदा म्हणालो. सबब कारखाना विकून येईल ते सभेने मुक्त झालेल्या माणसांसाठी खर्च करावे, आणि ठसा लोहाराकडून वितळवून घ्यावा.

सहा. क्वाकोच्या मागावर कोणीही जाऊ नये. पेलेगने तर मुळीच नाही. तो पळालेला नाही, गेलेला आहे. आमच्या सभेत लहानथोर सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात. एकतीस वर्षांत त्याला तसे कधी सांगायचे मला सुचले नाही. दारात उभे राहून तो म्हणाला, "निघतो, एल्काना."

साक्षीदार: जोब हॅझर्ड (सुतार) आणि अमोस बॉर्डन (दोरखंडवाला). दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

एल्काना टिलिंग
न्यूपोर्ट, दुसऱ्या महिन्याचा बाविसावा दिवस, सन १७७४