नियम क्रमांक एक: सर्वांस मज्जाव

देवास, श्रावण शुद्ध द्वादशी

तीर्थस्वरूप रुक्मिणीताई यांस उमाशंकरचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देत असेल, अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे (चिरंजीव शार्दूल याच्या उलट कळवील, दुर्लक्ष करावे).

"कुसुम गेली, आणि उमाशंकररावांनी तिच्या माहेरालाच कडी घातली!" हे आपले फोनवरील वाक्य मला मान्य नाही. कुसुमावतीने गेल्या साली स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या श्रावणातल्या कहाण्या तिच्या संगणकावर आहेत, आणि तिची थोरली बहीण म्हणून त्या धारहून ऐकणे हा आपला हक्क आहे. तथापि त्याच संगणकात शिरू पाहणारे परके लोक रोज शेकड्यांनी येतात, असे आढळल्याने मी फायरवॉल, म्हणजे दारावरचा पहारा, बसवला. शार्दूल म्हणाला, "बाबा, सगळं क्लाउडवर टाका ना, झंझट खतम!" मी साफ नकार दिला. माझ्या पत्नीचा आवाज परक्याच्या कोठारात राहणार नाही.

पहाऱ्याचे नियम काळ्या पडद्यावर टंकावे लागतात. मी एकतीस वर्षे सरकारी आदेशांचे मसुदे केले; आधी सर्वसाधारण नियम, मागाहून अपवाद, ही माझी रीत. त्यानुसार नियम एक: सर्वांस मज्जाव. नियम दोन: धारच्या ताईंस मुभा. परंतु हे यंत्र लागू पडणारा पहिला नियम वाचते आणि पुढचे पान उलटतच नाही (असे कारकून मी पाहिले आहेत). आपला पहिला शुक्रवार बुडाला तो यामुळे, आकसामुळे नव्हे.

शेजारच्या अल्पनाबाई (कॉलेजात संगणक शिकवतात) कुंपणावरून म्हणाल्या, "काका, वो काला पर्दा छोड़ो! बटनवाला टूल ले लो, आराम से हो जाएगा." मी त्यांच्याकडून फक्त नावे घेतली, संगणकास हात लावू दिला नाही. पहिल्या टूलमध्ये चाळीस बटणे निघाली, ते काढून टाकले. दुसऱ्यात मज्जावाचा रकाना वेगळा, मुभेचा वेगळा, आणि मुभा आधी वाचली जाते. आपला इंटरनेटवरचा क्रमांक भरला की दार उघडते. काम सोपे झाले, म्हणून मी हार मानली असे धारमध्ये कोणी समजू नये.

आपला,
उमाशंकर

ता. क. घराबाहेर पडताना आपण इंटरनेटचा डबा भिंतीवरच्या बटणाने बंद करता, त्यामुळे तो क्रमांक बदलतो. विजेची ही काटकसर श्रावणापुरती थांबवावी.

पुन्हा ता. क. शुक्रवारच्या कहाणीच्या शेवटी कुसुमावती मला हाक मारून काही सांगते, असे शार्दूल म्हणतो. मी अद्याप एकही कहाणी ऐकलेली नाही. ते आपण आधी ऐकावे. केवळ गॅस बंद करण्यास सांगत असेल, तरी शब्दशः लिहून पाठवावे.