मान डोलावली म्हणजे हो नव्हे

प्रिय ठमे,

सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांग बरं? मुकादमबाई. बोलावणं नाही, निरोप नाही, आणि बाई वेळेच्या आधीच दारात हजर. मी अजून खुर्च्या पुसत होते, केसही विंचरायचे राहिले होते. त्या आल्या, पहिल्या रांगेतली पंख्याखालची खुर्ची पकडली आणि पर्स मांडीवर घेऊन बसल्या, जसं काही त्यांच्याच घरचं कार्य. मग आपल्या गाद्यांच्या कारखान्यातल्या बाया एकेक करून यायला लागल्या. हसत जिना चढायच्या, मुकादमबाई दिसल्या की तोंड मिटायच्या आणि मुकाट्यानं मागच्या भिंतीला जाऊन टेकायच्या. पुढे खुर्च्या रिकाम्या आणि मागे ही गर्दी. तुझी आई तर दाराशीच बसली. इथे वारा येतो म्हणाली.

तू म्हणशील, आजे, कसली सभा आणि कसल्या खुर्च्या, जरा शेंडाबुडखा सांग. सांगते. मोठ्या दवाखान्यात एक समिती असते. डॉक्टरांना माणसांवर काही अभ्यास करायचा असला, नवं औषध म्हण, तपासणी म्हण, तर आधी तिला विचारावं लागतं. त्यात कुणाला इजा होत नाही ना, कुणाला अंधारात ठेवून ओढत नाहीत ना, हे ती बघते. आणि तिच्यात एक तरी माणूस डॉक्टर नसलेला, वस्तीतला लागतो. तो माणूस म्हणजे सध्या तुझी आजी. हसू नकोस. मी त्या कारखान्यात जन्मभर रजया टाचल्या आणि आता घरी आहे, म्हणून मला घेतलं. मालक मला आणखी कुठून काढणार? तिथल्या खुर्च्या गोल फिरतात. पहिल्या दिवशी मी टेकले आणि सगळ्यांकडे पाठच झाली माझी. पायानं रेटत रेटत परत आले.

तर छातीच्या डॉक्टरीणबाई तिथे आल्या होत्या. तरुण आहेत, तुझ्याहून थोड्या मोठ्या असतील. कापसाच्या धुळीनं बायांच्या छातीचं काय होतं ते त्यांना बघायचंय. एका नळीत जोरात फुंकायचं, मग यंत्र सांगतं छातीत किती दम आहे ते. काम चांगलं. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातच मुकादमबाई सगळ्यांना जमवणार, डॉक्टरीणबाई समजावणार, आणि ज्या हो म्हणतील त्यांची तिथेच तपासणी. मालकानं जागा पण देऊ केली होती. अध्यक्षांनी सगळं वाचून दाखवलं आणि मला विचारलं, आजी, ठीक आहे ना? मी मान डोलावली. शेजारी वकीलबाई बसतात. त्या हळूच म्हणाल्या, "आजी, पटलंय म्हणून डोलावलीत, की सवयीनं?"

मी हसले, आणि हसता हसता थांबले. सवयच ती. तुला आठवत असेल, लहानपणी तू माझा डबा घेऊन यायचीस तेव्हा कापूस पिंजायचं यंत्र चालू असलं की कानात बोटं घालायचीस. त्या आवाजात मुकादमबाई काय म्हणतात ते कुणाला ऐकू येतंय? त्या समोर येऊन ओठ हलवतात, आपण मान डोलावतो, त्या पुढे जातात. नाही डोलावली तर तिथेच उभ्या राहतात. जास्तीचं काम, सुट्टी रद्द, सगळ्याला डोलावलेलीच असते. पुढे पुढे यंत्र बंद असतानाही मान आपली हलत राहते. घरी तुझे आजोबा बोलायला लागले की मी डोलवायची, आणि त्यांना वाटायचं काय समजूतदार बायको मिळाली.

हे मी सांगितलं तसे सगळे हसले, पण डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्या एकदा कारखाना बघून आल्या होत्या, बायांशी दोन शब्द बोलल्या होत्या, आणि सगळ्यांनी इतकी छान मान डोलावली म्हणून खुशीत होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, मग मीच तुमच्या गल्लीत येते, कसं विचारायचं ते बायांनीच मला सांगावं. अध्यक्ष म्हणाले, ते ऐकल्याशिवाय आम्हीही परवानगी देणार नाही. म्हणून ही सभा, धोब्याच्या दुकानावरच्या खोलीत. आणि तिथे पहिल्या रांगेत मुकादमबाई.

आता त्यांना बघून बाया का गोठल्या, ते वेगळं सांगायला नको. मागे पिंजणीवरच्या एकीला खोकला लागला तर मुकादमबाईंनी जरा आराम करा म्हणून घरी पाठवलं, आणि बरी होऊन आली तर तिच्या जागी दुसरीच उभी. तेव्हापासून खोकला आला की बाया संडासात जाऊन खोकतात. तपासून घ्यावं तर काम जाईल, न घ्यावं तर आत काय चाललंय ते कळायचं नाही, अशी गत. आणि आपल्या जिन्याच्या वळणावर हल्ली तुझी आई रोज थांबते. चपलेचा पट्टा सुटला म्हणते. मी एक दिवस ती चप्पलच हातात घेऊन बघितली. पट्टा चांगला घट्ट आहे.

डॉक्टरीणबाई आल्या, बरोबर यंत्राची पेटी घेतलेला एक उंच माणूस. बाई सोपं बोलल्या, नळी दाखवली, आणि विचारलं, तुम्हाला काय वाटतं? सगळ्या माना एकदम डोलल्या. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार, तेवढ्यात दाराशी तुझी आई उभी राहिली. तुला माहीत आहे, ती दुकानात सुटे पैसे परत मागायचे तरी मला पुढे करते. पदर मुठीत धरलेला, पण बोलली.

"मला तपासून घ्यायचंय," ती म्हणाली. "पण मुकादमबाई समोर असताना मला हो म्हणता येत नाही. आणि नाही तर त्याहून म्हणता येत नाही."

डॉक्टरीणबाई मुकादमबाईंजवळ गेल्या आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या, तुम्ही थोडा वेळ खाली बसाल का? त्या उठल्या. मला वाटलं, झालं, उद्या माझ्या सुनेचं काम गेलं. दारापर्यंत गेल्या, तुझ्या आईसमोर थांबल्या आणि मागे वळून डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "आणि माझं काय? मी पण त्याच धुळीत उभी असते. आडवं झालं की माझ्या छातीत शिट्टी वाजते. मालकाला कळलं तर मीही घरीच."

माझ्या शेजारी बसून रजया टाचायच्या त्या टाचणीकाकूंच्या जिभेला काही हाड आहे का? त्या भिंतीपासूनच म्हणाल्या, "मग आल्या आल्या सांगायचं नाही का, बये? आम्ही कधीच्या पालीसारख्या चिकटून उभ्या आहोत."

अगं काय हसल्या सगळ्या. मुकादमबाईंनाही हसू आलं, मग खोकला आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या चारचौघींत मोकळेपणानं खोकल्या. तरी डॉक्टरीणबाईंनी त्यांना खालीच पाठवलं. तुमचं तुम्हाला वेगळं विचारीन, म्हणाल्या, यांच्या देखत नाही. ते मला फार आवडलं.

मग मात्र बाया पुढे आल्या आणि खुर्च्यांवर बसल्या, आणि अशा बोलायला लागल्या की उंच माणसाला पाणी प्यायला फुरसत नाही. तपासणी कारखान्यात नको, इथेच हवी. एका वेळी एकीलाच आत घ्यायचं. जिची छाती, तिच्याच कानात आधी सांगायचं. मालकाला कुणाचंही नाव कळता कामा नये, धुळीनं काय होतं तेवढंच कळावं, म्हणजे हवा बाहेर खेचणारे पंखे मागता येतील. आणि सगळं संपल्यावर काय निघालं ते आम्हाला येऊन सांगा, नाहीतर फुंकून घ्याल आणि आम्ही बसू वाट बघत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे सगळं होईल, आणि जिला नको असेल तिला का म्हणूनही कुणी विचारणार नाही. टाचणीकाकूंना ते काही खरं वाटेना. त्या उठून म्हणाल्या, "मला नकोय तपासणी."

"बरं काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकू उभ्याच. "बस, एवढंच?"

"एवढंच."

काकू खाली बसल्या, पण तोंडावर असा आनंद की विचारू नकोस. मग रांगेतल्या प्रत्येकीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. बहुतेकींनी हो म्हटलं, कुणी विचार करून सांगते म्हटलं, आणि काकूंचं नाही ते नाहीच राहिलं. अजून ते गल्लीभर सांगत फिरतायत.

पुढच्या बैठकीत समितीनं बायांचं सगळं जसंच्या तसं त्या अभ्यासात घालायला लावलं, आणि मगच परवानगी दिली. अध्यक्षांनी शेवटी मला विचारलं, आजी, ठीक आहे ना? मी खुर्ची टेबलाला घट्ट धरली आणि अशी मोठ्यानं हो म्हणाले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. वकीलबाईंनी माझा हात दाबला. मी तुझी आजी, चौथीत शाळा सुटलेली, त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या राणीसारखी उतरले.

आता का लिहितेय ते सांगते. तुझ्या आईला दम लागतो, ठमे, बऱ्याच दिवसांपासून. तुला कळलं तर तू नोकरी सोडून धावत येशील, म्हणून तिनं कळवू दिलं नव्हतं. काल चादरी घडी करताना मी तिला सरळ विचारलं, यंत्र काय सांगायचं ते सांगेल, तेव्हा तुझ्याजवळ कोण हवं? मी समजत होते, माझं नाव घेईल. तिनं घडी पूर्ण केली आणि म्हणाली, "ठमी. तुम्ही लिहा तिला. फोनवर मला रडू येईल." बघ, माझ्या सुनेनं आजवर स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि एका महिन्यात दोनदा मागितलं. मला तर पेढ्यांऐवजी ही बातमीच वाटत सुटावंसं वाटतंय. तपासणीच्या यादीत पहिलं नाव तिनं तिचंच घालायला लावलंय. तेव्हा रजा टाक आणि आदल्या रात्रीच ये, तुझं अंथरूण घालून ठेवते. डॉक्टरीणबाई आणि तो उंच माणूस पेटी घेऊन गुरुवारी सकाळी येतो म्हणालेत.

तुझीच,
फिरत्या खुर्चीवरची आजी