‘कर’ आणि ‘करू’

बाबा, तुमचं ते वाक्य इथल्या मराठी मंडळात अजून चालतं. निवडणूक जवळ आली की चहाचा कप हातात घेऊन कुणीतरी काका म्हणतातच, "पुढाऱ्याचं नुसतं ‘करू’, करदात्याला मात्र ‘कर’!" सगळे हसतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्या पोटात अजून दुखतं.

मार्चमधला रविवार. आयसेलिन गावातल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॅक्सचे कागद पसरून तुम्ही बसला आहात आणि मधूनच आम्हा बहिणींना मराठी शब्द विचारता आहात. करदाता म्हणजे? मी बारा वर्षांची, शब्दार्थ वहीत लिहून पाठ करणारी. "कर देणारा," मी लगेच सांगितलं. "बरोबर," तुम्ही मान वर न करताच म्हणालात. तेवढ्यात सात वर्षांची धाकटी ओरडली, "नो! ज्याला सगळे ‘कर, कर’ म्हणतात तो!" तिला एवढाच ‘कर’ माहीत, आई दिवसभर म्हणायची तो: होमवर्क कर, बेड नीट कर. चक्क चुकलं होतं हो तिचं! पण तुम्ही चष्मा काढून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात, तिला मांडीवर घेतलंत आणि पुढाऱ्याचं ‘करू’ तिथल्या तिथे जोडून दिलंत. मग ते गणपतीत, वाण्याच्या दुकानात, सगळीकडे. "आमच्या धाकटीचं आहे हं!" मी शेजारीच उभी असायचे.

गेल्या महिन्यात तिच्याकडे, ॲन आर्बरला गेले होते. तिच्या मुलाला कॉलेजसाठी घरातल्या एखाद्या वाक्याविषयी लिहायचं होतं; त्याने नेमकं हेच निवडलं. "मावशी, हू सेड इट फर्स्ट?" मी तिच्याकडे पाहिलं. डिशवॉशर लावता लावता ती म्हणाली, "ताईच असणार यार. माझं मराठी कसलं! मला तर काहीच आठवत नाही."

मी "हो" म्हणाले. त्याने माझं नाव लिहून घेतलं.

वाटलं होतं, आता तरी जीव थंड होईल. कसलं काय! तुमचं ते हसणं मी चाळीस वर्षं धरून बसले, आणि ज्या पोरीसाठी तुम्ही हसलात ती ते विसरूनही गेली. एवढं मिळालं होतं तिला. आता मला त्या विसरण्याचाही हेवा वाटतो. खरं सांगायला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा बर्फाबद्दल बोलून ठेवून दिला. सांगितलं तर तुमचं हसणं तिला पुन्हा मिळेल, बाबा, आणि मला ते अजून द्यायचं नाही.