अठ्ठ्याहत्तर टक्के

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

गाडी विकायची. ठरलं!

आमचा अच्युत सकाळी कटनीहून आला तो मेकॅनिकला घेऊनच. ह्यांची गाडी सहा महिने पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. त्या विजेवरच्या गाड्यांना मोठ्या बॅटरीशिवाय एक लहान बॅटरीही असते म्हणे — ती पार उतरली होती, दारंसुद्धा उघडेनात. ती बदलली. मग समोरचा पडदा उजळला आणि आकडा आला. ७८%.

अठ्ठ्याहत्तर! म्हणजे ८ मेच्या दुपारी, ह्यांच्या छातीत कळ आली तेव्हा, गाडी भरलेली होती. मी तेव्हापासून तेच म्हणतेय. दुसऱ्या मजल्यावरून लिफ्टने उतरायचं. हॉस्पिटल सात मिनिटांवर. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. अंजनीला गाडी चालवता येत होती, ह्यांनीच शिकवली होती तिला. तरी माझी सून पस्तीस मिनिटं ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसली.

अच्युतनेही आकडा बघितला. कव्हरची घडी घालत राहिला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

जाहिरात लागली. एकच मालक, चार वर्षं, एकही ओरखडा नाही. खरंच नाही. ह्यांनी गाडी पुसली तशी स्वतःच्या चष्म्याची काच कधी पुसली नाही.

गाडीबरोबर ह्यांची वहीसुद्धा द्यायची आहे, वर 'श्रीरंग' लिहिलेली. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला माणूस, नोंदी केल्याशिवाय जेवण जायचं नाही. दर दिवशी तीन-चार ओळी. आज चाळली —

'प्रमोदिनीला फॅक्टरीत सोडलं. येताना राइट टाउनला भाजी. गाडी पुसली, खाली लावली. ८०%.'

पानापानावर हेच — मी, भाजी, गाडी. ऐंशीच्या वर कधी चार्ज करायचे नाहीत, बॅटरी थकते म्हणायचे. मी चिडवायची, की बायको थकते त्याचं काय? तर म्हणायचे, तिची वॉरंटी संपली. 

वहीत पेन्सिलीचे गोल आहेत. ते अंजनीचे. फेब्रुवारीत लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा शब्द समजत नव्हता. ह्यांनी नियमच केला — घरात सुनेशी मराठीच बोलायचं, नाहीतर शिकणार कधी? आणि वाचायला दिली ही वही. वाक्यं छोटी, रोज तीच. अडलेल्या शब्दाला गोल करायचा आणि बाजूला हिंदीत अर्थ लिहायचा. 'काच – शीशा.' 'पुसली – पोंछी.' 'उशीर – देर.' 

उशीर. तो शब्द मात्र छान शिकली!

शेवटचं पान मी अजून उघडलेलं नाही. ७ मेचं आहे. धीर होत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

तीन फोन. एकाने विचारलं, ॲव्हरेज किती देते. पेट्रोलवर. ठेवून दिला.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दलाल आला होता. गाडीकडे कमी, माझ्या कपाळाकडे जास्त बघत होता. बाई एकटी, गाडी बंद पडून होती, घाईत असणार — हा सगळा हिशोब त्याच्या तोंडावर. बॉनेटवर कोपर टेकून उभा राहिला. मी म्हटलं, पहिले ते कोपर काढा. 

बत्तीस वर्षं मी फॅक्टरीत माल तपासते. तोफगोळ्यांच्या फ्यूजच्या पेट्या. हातात गेज, समोर पट्टा. नग गेजात बसला तर पास, अडला तर रिजेक्ट. कारण विचारायचं नसतं. माणसंही मला लगेच कळतात. दलाल रिजेक्ट.

आज सहा महिने झाले.

रविवार, ९ नोव्हेंबर

अच्युत आला. आधी अधारतालला, सासरी, अंजनीकडे, मग माझ्याकडे. दर रविवारी हाच क्रम. जेवताना म्हणाला, कटनीला रेल्वेचा क्वार्टर मिळून राहिला आहे. अंजनीला तिकडेच नेतो. गाडीचं एकदा झालं की मग इकडे महिन्यातून एकदा जमेल.

मी आमटी वाढत राहिले.

"आई, तू तिच्याशी बोलत काहून नाही? एकदा तरी विचार तिला."

"काय विचारू? मी फोनवर सांगितलं होतं तिला."

तो ताटावरून उठला. अर्धी पोळी तशीच.

सांगितलंच होतं. लिहून ठेवते, म्हणजे माझ्याही डोक्यात नीट राहील. मे महिन्यात युद्धामुळे सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द, बारा-बारा तासांची पाळी. ७ तारखेला संध्याकाळी शहरात ब्लॅकआउटचा सराव झाला. सोसायटीच्या सेक्रेटरीने पार्किंगचं मेन स्विच पाडलं, कारण ह्यांच्या चार्जरचा हिरवा दिवा बाहेरून दिसत होता. हे हसले होते. म्हणाले, माझा एवढासा दिवा शत्रूला दिसणार!

८ ला दुपारी मी सेक्शनमध्ये. मोबाईल गेटवर जमा. सेक्शनचा फोन वाजला — अंजनी. रडत होती. पप्पाजींना घाम, छाती दुखते, क्या करूँ. माझ्या मागे प्रेस धडधडत होता. मी ओरडून सांगितलं — गाडी खाली आहे! गाडी खाली आहे, लवकर कर! दोनदा सांगितलं. रिसीव्हर टाकला आणि गेटकडे धावले.

खमरियाच्या फॅक्टरीतून हॉस्पिटलला पोचले तर ॲम्ब्युलन्स नुकतीच आलेली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

यात न समजण्यासारखं काय होतं? कॉरिडॉरमध्ये ती हुंदके देत म्हणाली, "मम्मीजी, आपने ही तो कहा —" मी तिला पुढे बोलू दिलं नाही. माझ्यावरच ढकलते! हे आत थंड पडलेले, आणि ही कारणं शोधतेय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सेक्शनचा फोन वाजला की अजून हातातलं गेज पडतं. आज दोनदा.

रविवार, १६ नोव्हेंबर

गिऱ्हाईक मिळालं. शालिग्रामजी, रिटायर्ड मास्तर, कमानिया गेटजवळ राहतात. बायकोला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. ऑटोत हाडं खिळखिळी होतात तिची. कुणीतरी सांगितलं, ही गाडी आवाज करत नाही, हिसका देत नाही.

चप्पल काढून आत बसले! मी म्हटलं, अहो राहू द्या. तर हिंदीत म्हणाले, इतकी स्वच्छ गाडी आहे, मला संकोच वाटतो. टायर वाकून बघितले, चार्जिंगची वायर हातभर उलगडून बघितली, नीट गुंडाळून ठेवली. वही उघडली, मराठी कळली नाही, पण आकड्यांवरून बोट फिरवत गेले. म्हणाले, हे गाडीचं नाही, प्रेमाचं रजिस्टर आहे. ही वही मिळेल ना बरोबर?

मी हो म्हटलं. मास्तर पास.

वर येऊन खूप रडले. सहा महिन्यांत इतकी रडले नव्हते. रागात रडू येत नाही, हे आज कळलं. आज राग नव्हता.

बुधवार, १९ नोव्हेंबर

गाडी रविवारी जाणार. घर आवरताना अंजनीच्या खोलीत गेले. रिकामं कपाट. २१ जूनला ती माहेरी गेली, तेव्हापासून ते दार उघडलं नव्हतं.

त्या दिवशी मी फार बोलले होते. दीड महिन्याचं साठलेलं सगळं. तुझ्यामुळे गेले ते. सात मिनिटांचा रस्ता होता. तुला गाडी शिकवली, लेकीसारखं वाचायला शिकवलं, त्याचं हे फळ! अच्युत मध्ये पडला, त्यालाही गप्प केलं.

ती काहीच बोलली नाही. बॅग भरली. ह्यांची वही तिच्याकडेच होती, तेराव्यानंतरही ती वाचत बसायची. ती आणून टेबलावर ठेवली. माझ्या पाया पडली. इतके दिवस मम्मीजी म्हणायची, त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली, "येते, आई."

ह्यांनीच शिकवलं होतं — मराठीत घरातून निघताना जाते नाही म्हणायचं, येते म्हणायचं. 

मला तेव्हा किती राग आला होता! येते म्हणे. कशाला येते?

शनिवार, २२ नोव्हेंबर

गाडी स्वतः पुसली. ह्यांच्या कापडाने. सीटखाली ह्यांची विलायची सापडली, दोन. एक खाल्ली. एक ठेवली.

रविवार, २३ नोव्हेंबर

आजच लिहायचं.

सकाळी पोळ्या करत होते, तेव्हा शालिग्रामजींचा फोन. आता निघतो, गाडी कहाँ है बहनजी? तवा तापलेला, फोन खांद्यात धरलेला. म्हटलं, गाडी खाली आहे, या. ते म्हणाले, अच्छा, कोई बात नहीं, लगा दीजिए, मैं शाम को आता हूँ. काय लावायचं ते मला समजलं नाही. म्हटलं, पूजेचा नारळ वगैरे म्हणत असतील. पोळी करपली, ती बदलली.

पाचला आले. बायकोलाही आणलं होतं. हडकुळ्या बाई, हसऱ्या. त्यांना मागच्या सीटवर बसवलं. मास्तरांनी बटण दाबलं. पडदा उजळला. ७८%.

"अरे, ये तो भरी हुई है!" त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "बहनजी, आपने ही तो कहा था, गाड़ी खाली है. मैं तो इसीलिए रुका रहा दिनभर."

आपने ही तो कहा.

मी बॉनेटला धरून उभी राहिले. ते घाबरले. पाणी मागवलं. बाई खाली उतरून माझी पाठ चोळत होत्या — त्या आजारी, आणि माझी पाठ चोळत होत्या.

खाली. जन्मभर या हिंदी शहरात राहिले. भाजीवाल्याशी हिंदी, गेटवरच्या शिपायाशी हिंदी. बस खाली है, पेटी खाली है, दिवसातून पन्नास वेळा ऐकते, बोलते. घरात खाली म्हणजे जिन्याखाली, बाहेर खाली म्हणजे रिकामं. कधी अडखळले नाही. मग लग्नाला तीन महिने झालेल्या पोरीला, प्रेसच्या धडधडीत, दोनदा ओरडून काय सांगितलं मी? गाडी रिकामी आहे. गाडी रिकामी आहे, लवकर कर! तिने लवकरच केलं. दुसरं काही शोधलं. आदल्या संध्याकाळी चार्जरचं स्विच पाडलेलं तिनेही बघितलं होतं, मग शंका तरी कशाला घेईल? सासूबाई सांगतायत. आणि घामेजलेल्या माणसाला एकटं टाकून आकडा बघायला पार्किंगमध्ये कशी उतरेल?

ती सांगत होती. हॉस्पिटलमध्ये सांगत होती. मी तोंड बंद केलं तिचं.

मास्तरांना म्हटलं, किल्ली उद्या देते. ते म्हणाले, तब्येत सांभाळा, कल सही. 

श्रीरंग, मी काय केलं हो? तुमचंही आणि तिचंही.

आता तिला फोन करायचा. तीनदा नंबर लावला आणि कापला. काय म्हणायचं? बाई ग, चूक माझी होती, तुला माहीत नाही, पण चूक माझी होती. तिला हे सांगावं लागेल. सहा महिने ती स्वतःला दोष देत असेल, की मला का नाही सुचलं. तिला हे कळलंच पाहिजे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी मास्तर आले. गाडी दिली. त्यांच्या बायकोने आतून हात हलवला. आवाज न करता गेली, वळणावर फक्त हिरवी नंबरपाटी दिसली.

वही दिली नाही. देणारच होते. म्हणून आधी शेवटचं पान उघडलं.

'७ मे. संध्याकाळी ब्लॅकआउट. चार्जर बंद. गाडी आधीच भरली होती. खाली लावली. ८०%.'

'खाली'ला पेन्सिलीचा गोल आहे. बाजूला अंजनीच्या अक्षरात — 'नीचे'. 

मागच्या पानांवर 'खाली'ला कुठेच गोल नाही, हिंदीतलाच शब्द म्हणून ती अडलीच नसेल. बाकीचे गोल एकेकदाच फिरवलेले आहेत. हा इतक्यांदा फिरवलाय, की कागद फाटलाय.

२१ जूनला तिने ही वही टेबलावर ठेवली. म्हणजे त्याच्या आधीच तिला कळलं होतं. मी बोलत होते तेव्हा, तुझ्यामुळे गेले म्हणत होते तेव्हा, तिला सगळं माहीत होतं. एक शब्द सांगितला असता तर मी तिथेच कोसळले असते.

ती म्हणाली, येते, आई.