तुमच्या निधनासंबंधी खुलासा

अम्मान, मंगळवार

वडीलबंधू अबू निमर यांस धाकट्या चुलतभावाचा, अबू लैथचा, सलाम.

अल्लाह तुम्हाला उदंड आयुष्य देवो. (हे वाक्य एरवी हात आपोआप लिहितो, या वेळी विचार करून लिहिलं आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? साखर आटोक्यात आहे ना? उम्म निमर वहिनींना सलाम सांगा. यंदा तुमच्या अजलूनकडे ऑलिव्ह चांगला धरलाय असं ऐकतो. इकडे सगळं ठीक. थोडी सर्दी आहे, पण ती गेल्या बुधवारपासूनची आहे आणि तिचं कारण तुम्हाला माहीत आहे. त्या बुधवारबद्दलच हे पत्र. तुम्ही दार लावून घेतल्यामुळे मला बोलता आलं नाही आणि माझा नंबर तुम्ही नऊ वर्षांपूर्वीच बंद करून ठेवला आहे, म्हणून कागदावर लिहून ड्रायव्हरच्या हाती पाठवतो आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे की मी पीठगिरणी कंपनीच्या संचालक मंडळावर आहे. चार महिन्यांपूर्वी मंडळानं एक ठराव केला की प्रत्येक संचालकानं संगणक सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करायचा आणि जो दोनदा नापास होईल त्यानं खुर्ची सोडायची. ठरावावर अकराही जणांच्या सह्या आहेत. वाचला एकानंही नव्हता. (जेवण यायची वेळ झाली होती आणि मन्सफच्या मटणाचा वास थेट सभागृहात येत होता.) मग एक दिवस इंजिनिअर दीमा म्हणून बाई आल्या. वय माझ्या धाकट्या लेकीएवढं, आवाज शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. आमचे अध्यक्ष हातेम पाशा सैन्यातून जनरल म्हणून निवृत्त झाले, त्यांनाही तिनं मोबाइल टेबलावर पालथा ठेवायला लावला. तो त्यांनी ठेवला.

पहिल्याच तासाला तिनं खुर्चीवर न बसता अकरापैकी नऊ जणांचे पासवर्ड ओळखून दाखवले. थोरल्या मुलाचं नाव आणि पुढे त्याचं जन्मवर्ष. ती म्हणाली, दरवानापासून मंत्र्यापर्यंत सगळे तुम्हाला दिवसभर त्याच नावानं, ‘अबू अमुक’ म्हणजे अमुकचा बाप, अशी हाक मारतात, मग चोराला वेगळे कष्ट कशाला? आम्ही माना खाली घातल्या. दहावे अबू सुहा, त्यांना चारी मुलीच आणि कोणाचंही नाव टाकलं तर बाकीच्या रुसतील म्हणून त्यांनी एक दोन तीन चार पाच सहा ठेवलं होतं. अकरावे स्वतः पाशा. आपल्याला पासवर्ड आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. तो कॉफी करणाऱ्या फर्रूजला ठाऊक होता. बिचाऱ्यानं तो आठ वर्षं इमानदारीनं सांभाळला होता आणि सकाळी पहिल्या कॉफीबरोबर संगणकात टाकूनही देत होता.

मग तिनं शिकवलं की फसव्या निरोपाच्या तीन खुणा असतात. घाई, भीती, आणि अशी काही बाब की जिला नाही म्हणणं माणसाच्या अब्रूला परवडत नाही. आम्ही वहीत लिहून घेतलं. पाशांनी खाली दोनदा रेघ मारली. बुधवारी सकाळी दहा वाजता सगळ्यांना एक निरोप आला: “आपल्या घराण्यातील ज्येष्ठांचं निधन झालं आहे. दफन दुपारच्या नमाजानंतर. जागेसाठी येथे दाबा.” नाव नव्हतं. तिला कोणाचं नाव घालायची गरजच नव्हती, ते आम्ही ज्यानं त्यानं आपापलं घातलं. अकराच्या अकरा जणांनी दाबलं. एक संचालक तर इर्बिदला काकांच्या घरी फोन करून रडायला लागले, तो फोन काकांनीच घेतला. ते म्हणाले, “अरे, मी गेलो आणि घरात मला कोणी सांगितलंसुद्धा नाही?”

माझ्या मनात तुमचंच नाव आलं. आपल्याकडे आता ज्येष्ठ दुसरं आहे कोण? पुढचं काही वाचायला मी थांबलो नाही. दाबलं आणि तसाच गाडीत बसलो. जेरशवरून येताना सगळ्या वाटेत नऊ वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवत होता. पुतण्यासाठी मुलगी मागायला आपण शंभर माणसं घेऊन गेलो होतो. होकार मिळेपर्यंत समोरच्या कॉफीला हात लावायचा नाही, आणि मागणी घालणारे तुम्हीच, तुम्ही बोलण्याच्या भरात पेला उचलून रिकामा केलात. मी हसलो. मोठ्यानं हसलो, हे कबूल. लग्न झालं, त्या दोघांना तीन पोरं झाली, आणि आपण अजून बोलत नाही.

तर तुमच्या दारी आलो. मंडप नाही, खुर्च्या नाहीत, आणि तुम्ही अंगणात नळी धरून झाडांना पाणी घालताय. मला हुंदका आवरेना. तुम्ही इतकंच विचारलंत, “कोण गेलं?”

मी म्हणालो, “तू.”

“आणि तू खात्री करायला आलास होय?” असं म्हणून तुम्ही नळी टाकली, आत गेलात आणि कडी लावली. माझे बूट भिजले होते. मी अर्धा तास पायरीवर बसलो आणि परत आलो.

तुम्हाला वाटलं असेल की हा नऊ वर्षांनी आपल्या मरणाची मजा बघायला आला. तसं नाही. हा मंडळाच्या परीक्षेचा प्रकार होता आणि मी त्यात नापास झालो, एवढंच मला सांगायचं होतं. पाशाही नापास आहेत. गैरसमज नसावा.

तुमचा धाकटा
अबू लैथ

ता. क. ड्रायव्हरला जेवू घाला. उत्तर घेतल्याशिवाय निघायचं नाही असं मी त्याला सांगितलं आहे आणि तो माझ्यापेक्षा हट्टी आहे.

ता. क. २. काल दीमाबाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांच्याकडे सगळी नोंद असते. दाबल्याबरोबर पडद्यावर लाल अक्षरात येतं: ‘ही चाचणी होती. कोणीही वारलेलं नाही.’ बाकीच्यांनी ते न वाचताच बंद केलं, माझ्याकडे दहा मिनिटं उघडं होतं, तर मला ते कळलं नाही का, असं त्या विचारत होत्या. त्यांना मी चष्मा नव्हता म्हणून सांगितलं. तुला खरं सांगतो. मी ते वाचलं होतं, दोनदा वाचलं. त्यानंतर गाडीची किल्ली उचलली. तू गेला असतास तर माझं काय झालं असतं, हे त्या दहा मिनिटांत मला कळलं होतं. शुक्रवारी नमाजानंतर पुन्हा येतो आहे, काही कारण नसताना. दार उघड.