पाताळगडाचं तोंड

५ जानेवारी, देगलूर

आज पोचलो. पोचलो म्हणजे मी, रत्नम्मा, आणि माझी नात अंबिका. घरात अंबी. वय अकरा, जीभ पस्तिशीची. उदगीरहून इथवर जीपमध्ये ती ड्रायव्हरशी जेवढं बोलली, तेवढं मी लग्नानंतर दहा वर्षांत नवऱ्याशी बोलले नव्हते.

ही वही शाळेची. बाईंनी रजा दिली ती याच बोलीवर, की रोजच्या रोज काय झालं ते लिहून आणायचं. अंबीला लिहायचा कंटाळा नाही, सुचायचा आहे. तेव्हा सांगायचं मी आणि लिहायचं तिनं. मला अक्षर येत नाही. मी 'हाय' म्हटलं तरी ती 'आहे' लिहून राहिली. बाई मार्क कापतात म्हणे. लिही बाई. तुझ्या बाईंच्या धाकानं माझी भाषा तरी सुधारू दे.

आलो कशाला, तर टीव्हीवर लहान पोरांचा एक खेळ येणार आहे, 'पाताळगड'. दोघादोघांचे संघ. राक्षसाच्या गडात शिरायचं, कोडी सोडवायची, दोराला लोंबकळायचं, मणी आणायचे. घरी हेच केलं की मार बसतो, इथं टाळ्या. अंबीची निवड झाली, आईबापाला किराणा दुकान सोडवेना, म्हणून सोबतीला मी.

गड उभा केलाय गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग गिरणीत. दगडी दिसतो, पण बोटानं टोकरलं की थर्माकोल. पत्र्याखाली अजून जुना कापूस चिकटलेला आहे, वारा आला की भुरभुरतो. अंबी म्हणाली, बर्फ पडतोय. उदगीरच्या पोरीनं बर्फ पाहिलाय कुठं!

पोरांचे झगे शिवायला इथलीच गौसिया नावाची शिंपीण आहे. मी तिला म्हटलं, माझ्यापुरता एक चेटकिणीचा झगा शीव. ती दात न दाखवता म्हणाली, अम्मा, तुम्हाला झग्याची काय गरज? बाई मला आवडली.

६ जानेवारी

खेळ सुरू झाला. अंबीचा जोडीदार नांदेडचा अमरेश, अंगानं तुरीची काडी. गडावर त्याचं नाव काय, तर वज्रबाहू. मी हसले तर सगळा खेळ थांबवला आणि मला लांब खुर्ची दिली.

गडाच्या दारावर एक तोंड आहे. प्लास्टरचं, मोठं माणूस उभ्यानं आत जाईल एवढं, आत काळा पडदा. खेळ घेणारा उमाशंकर म्हणून तरणा पोरगा आहे, त्यानं रीत समजावून सांगितली. तोंड पोराला नावानं हाक मारतं. पोरानं ओ द्यायची. तोंड म्हणतं, नाव दे. पोरानं म्हणायचं, दिलं. मग गडाचं नाव मिळतं, गौसिया ते छातीवर शिवते, आणि पोरगं आत जातं. आपलं नाव दारात ठेवायचं, चपलेसारखं. जिंकून आलं की परत.

तोंडाचा आवाज मला आवडला. भरदार, थोडा थकलेला, जुन्या पाटलासारखा. "अमरेश" म्हणाला, पोरगं लगेच ओ म्हणून मोकळं. मग "अंबिका". आमची अंबी गप्प.

चूक तिची नाही. आमच्यात न दिसणाऱ्यानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. चांगलं माणूस पुन्हा हाक मारतं. वाईट असतं ते एकदाच मारतं. लहानपणापासून तिला मीच सांगितलंय. ती दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिली. दुसरी हाक आली नाही.

उमाशंकर चिडला. मी हात खाली केला की ओ म्हणायचं, एवढं सोपं आहे, म्हणाला. अंबीच्या संघाचे मणी कापले. अमरेश एकटाच आत गेला आणि एकटाच बाहेर आला.

७ जानेवारी

अमरेश जेवताना कुणाच्या हाकेला वळला नाही. वज्रबाहू म्हटलं की वळतो. मी म्हटलं, अरे वज्रबाहू, भाकरी तरी मोड, ती तुझ्याहून कडक आहे. हसलाही नाही. काल माझ्या चटणीवर तुटून पडलेलं पोर ते.

दुपारी त्याच्या आईचा फोन आला. इथं अमरेश कुणी नाही म्हणाला, आणि फोन माझ्या हातात ठेवून गेला. बाई घाबरली. मी तिची समजूत काढली. उमाशंकर खूश आहे. पोरगं भूमिकेत शिरलंय म्हणतो.

अंबी संध्याकाळभर रडली. संघ शेवटचा आला तो माझ्यामुळं, बाकीची पोरं मला मुकी म्हणतात, म्हणून. (हे लिहू नको म्हणते. लिही.) शेवटी मीच म्हटलं, अगं, ते प्लास्टरचं तोंड आहे. त्याचं काय सोवळं पाळायचं? उद्या पहिल्या हाकेला ओ दे.

८ जानेवारी

आज गौसिया लिहून राहिली. ती म्हणते, अम्मा, तुम्ही बोलाल तसंच लिहीन, मला कोण मार्क देणार हाय.

अंबीनं पहिल्या हाकेला ओ दिली. नाव दे म्हणाला, दिलं म्हणाली. कशी खणखणीत म्हणाली! मीच टाळ्या वाजवल्या. गडावर तिचं नाव ज्वालिनी. लई मणी आणले, संघ पहिला आला.

संध्याकाळी वही तिच्यापुढं धरली. तिनं उलटून पालटून बघितली आन् विचारलं, ही कुणाची?

मी म्हटलं, अंबे, नाटक पुरे. तिनं मागं वळून बघितलं, अंबी कोण ते बघायला.

नंतर मला म्हणाली, तुम्ही दमलात का, पाणी देऊ? जन्मात मला 'तुम्ही' म्हणाली न्हाई ही पोरगी. मला त्या पाण्याची भीती वाटली.

९ जानेवारी

सकाळी खाजाला गाठलं. खाजा म्हणजे कानाला डबे लावून आवाज धरणारा. त्याला म्हटलं, बाबा, तोंडातून बोलणाऱ्या माणसाकडं मला घेऊन चल. तो हसला. तोंडात कुणी न्हाई. तो आवाज मागाहून मुंबईत भरणार हायेत. उमाशंकर हात खाली करतो, पोरं ओ म्हणतात, मधली जागा मोकळी ठेवतात.

मी म्हटलं, मोकळी कशी? मी ऐकला की.

त्यानं ते डबे माझ्या कानाला लावले. अमरेशची ओ. मग काही न्हाई. मग अमरेश, दिलं. मग अंबीची ओ. मग— दिलं.

गौसियाला विचारलं. तिनंबी कधी ऐकला न्हाई. पोरं ऐकतात. आन् मी.

उमाशंकरच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. म्हटलं, पोरांची नावं परत द्या, आत्ताच. तो म्हणाला, आजी, शेवटच्या भागात देऊ, तसं लिहिलेलंच हाय. म्हटलं, तुझ्या हातात हायेत का ती? त्याला कळलंच न्हाई मी काय विचारलं.

माझ्या पोराला, अंबीच्या बापाला, फोनवर सांगितलंय, ये म्हणून. तो परवा येतो. गिऱ्हाइकीचे दिवस हायेत म्हणे.

अंबी भिंतीकडं तोंड करून बसली हाय. ओठ हलून राहिले. कुणाशी बोलतेस विचारलं तर म्हणाली, ते विचारतात ते सांगते.

काय विचारतात?

घरात अजून कोण कोण हाय.

१० जानेवारी, सकाळी

गौसिया, नीट लिही. मला नावं दोन हायेत. माहेरची मी शरणम्मा. लग्नात सासूनं रत्नम्मा ठेवलं. त्या दिवसापासून पहिल्या नावानं कुणी हाक मारली न्हाई, मारणारे सगळे गेले. माळ्यावरच्या पिचक्या भांड्यासारखं पडून हाय. ते देते त्याला. पोरीचं सोडवून आणते. त्याला काय कळतंय, नवं का जुनं.

गौसिया म्हणते जाऊ नका. तू गप लिही.

१० जानेवारी, दुपारनंतर

झालं. सगळे जेवायला गेले तेव्हा गेले. तोंडापुढं उभी राहिले. म्हटलं, पोरीचं दे, माझं घे. लई वेळ काही न्हाई. पडदा नुसता आत ओढल्यासारखा— श्वास घेतल्यासारखा.

मग हाक आली. माहेरच्या नावानं. ते कुणाला ठाऊक असायचं काम न्हाई. आन् आवाज पाटलाचा न्हाई, बाईचा. कुठल्या बाईचा ते त्या घडीला मला कळलं होतं. आता कळत न्हाई.

ओ दिली. दिलं म्हटलं.

शिवणाच्या खोलीत आले तर अंबी म्हणाली, आजी, भूक लागली. कुठं उलथली होतीस?

रडले. शिव्या दिल्या. दोन धपाटे खाल्ले तिनं. फसवलं मी त्याला, गौसिया. लिही, म्हातारीनं फसवलं.

गौसियानं विचारलं, अम्मा, तुमचं मायका कोणतं? मी तोंड उघडलं—

गाव न्हाई. आई न्हाई. चेहराच न्हाई. सकाळचं पान तिनं वाचून दाखवलं. त्यातलं ते नाव एका परक्या बाईचं वाटलं.

जाऊ दे. जुनंच होतं.

अमरेश तसाच हाय. दुसऱ्यांदा माझ्याकडं द्यायला काय हाय?

११ जानेवारी

आज अंबी लिहिते आहे. बॅग भरून शिवणाच्या खोलीत बसलो आहोत. तिचा बाप जीप घेऊन निघाला आहे. गौसिया त्याला रस्ता दाखवायला फाटकापाशी गेली. अमरेशच्या वडिलांनी त्याला सकाळीच नेलं. अनोळखी माणसाबरोबर जावं तसं पोर गेलं.

अंबीला सांगून ठेवते. आता कुणीही नावानं हाक मारली, बापानं मारली तरी, आधी माझ्याकडं बघायचं. मी मान हलवली तरच—

हं?

ओ, आले.

काय गं, समोर बसून हाक कशाला मारतेस? 'आजी' म्हणालीस ना आत्ता?

नाही म्हणते. मान हलवते आहे. तिचं तोंड मिटलेलंच होतं. मी बघत होते तिच्याकडं. आवाज तिचाच, पण मागून. गडाकडून. एकदाच.

मी ओ दिली. अंबे, मी ओ दिली. आपल्या नातीनं आजी म्हटलं तर कोण—

दिलं म्हटलं नाही मी. म्हटलं का? हात धर माझा. लिहीत राहा, थांबू नको, तू लिहितेस तोवर—

कुणाची गं तू, बाळ? अक्षर चांगलं असणार तुझं. सारखी लिहून राहिलीस.

रडू नको. चुकलीस का? घरचं कुणी सोबत आलं नाही? एवढ्याशा पोरीला असं एकटं सोडतात होय.

हे बघ, आलं बाई तुझं माणूस. तिकडं गडात कुणी म्हातारी तुझं नाव घेऊन हाक मारते आहे, आवाज कुठंतरी ऐकल्यासारखा वाटतो. माझ्याकडं काय बघतेस? ओ दे की गं, मोठ्या माणसाला असं ताटकळत—