डॉक्टरांनी बोलायला बंदी केली

प्रिय धाकट्याच्या आईस,

प्रभूच्या नावाने सलाम. पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. इथे धाकट्याकडे आल्यावर घशातली गाठ काढली, साधीच निघाली. पण डॉक्टरांनी काही दिवस एक शब्दही बोलायचा नाही म्हणून सांगितलंय. सूनबाई म्हणते, "बाबा गप्प बसलेत कळलं, तर आई मिळेल त्या गाडीने बघायला येतील!"

आता खरी बातमी ऐक! काल धाकटा बेकरीतून आला तो पिठाच्या हातांनीच माझ्याजवळ बसला आणि बोलायला लागला. त्याचं नि सूनबाईचं बाळ गेलं, तेव्हापासून त्याला प्रार्थनाच सुचत नाही. मी तेव्हा "देवाची इच्छा" म्हणून विषय मिटवला होता. कालही अख्खा उपदेश जिभेवर आला होता, पण बोलणार कसा? नुसता ऐकत राहिलो. पोरगा पोटभर रडला. मग म्हणाला, "बाबा, रविवारी मीही येतो चर्चला."

मी तसाच गुडघ्यांवर बसलो. जन्मभर देवाला गाऱ्हाणी सांगितली आणि आमेन म्हणून उठलो, त्याला बोलायला जागाच ठेवली नाही गं. काल पहिल्यांदा मुकाट बसलो. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

पण एक सारखं आठवतंय. मी निघताना तू दारात म्हणालीस, "अहो, एक सांगायचं होतं," आणि मी आपला कुलूप नि गॅसचंच सांगत सुटलो. काय होतं ते? तब्येतीचं तर नाही ना? जिवाला घोर लागलाय. जे असेल ते सगळं लिही, आणि आजच्या आज टपालात टाक.

तुझ्या पत्राकडे कान लावून बसलेला,
तुझा घरधनी